बिनविरोध गावातली ओल

वेल्समधल्या एखाद्या खेड्याची शाळा डोळ्यांसमोर आणा. साल १९२५ धरा नाहीतर १९३४ धरा, फार फरक पडणार नाही. थंडी अजून सरलेली नाही. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन अवघडून बसलेली. पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावच्या कौन्सिलची, निवड आहे. सभापती एकेक नाव वाचतात आणि ज्यांना ते नाव पसंत असेल त्यांनी हात वर करायचा. चिठ्ठी नाही, पेटी नाही, आडोसा नाही. १८९४च्या कायद्याने पॅरिशची निवडणूक अशीच ठेवली होती, भर सभेत हात वर करून. कुणाला गुप्त मतदान हवंच असेल तर त्याने तशी मागणी करायची सोय होती. म्हणजे ज्याच्या मालकीच्या खोपटात आपण राहतो आणि ज्याच्या शेतावर राबतो तो शेतकरी पुढच्या बाकावर बसलेला असताना उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, की मला माझं मत लपवून द्यायचंय. हे सांगायची ज्याच्यात धमक आहे त्याला गुप्त मतदानाची गरज काय? आणि ज्याला गरज आहे तो उठणार कसा?

पॅरिशच्या वरची पायरी ग्रामीण जिल्हा कौन्सिलची. नावात जिल्हा असला तरी आवाका आपल्या तालुक्याएवढाही क्वचितच. पण काम लहान नव्हतं. पिण्याचं पाणी, सांडपाणी, राहत्या घरांची तपासणी, राहण्यालायक नसलेलं घर बंद करण्याचा हुकूम, कामगारांसाठी नवी घरं बांधणं, हे सगळं तिच्याकडे. १९३० पर्यंत गावाकडचे रस्तेही तिच्याकडेच. शिवाय त्याच सालापर्यंत, कौन्सिलवर निवडून आलेला माणूस आपोआप आपल्या पॅरिशचा ‘गार्डियन’ होई. गरिबांना किती शिलिंग मदत द्यायची आणि कुणाला ‘वर्कहाउस’ नावाच्या निराधारगृहात धाडायचं, हे ठरवणाऱ्या मंडळावर त्याची खुर्ची असे. एका गरीब घराच्या चुलीपासून मोरीपर्यंत सगळं या एका माणसाच्या हातात होतं म्हटलं तरी चालेल.

इथे मतपेटी होती, गुप्त मतदान होतं, तीन वर्षांची ठरीव मुदत होती. नव्हती ती निवडणूक. एका जागेला एक अर्ज, त्यावर एक सूचक आणि एक अनुमोदक, अर्जाची मुदत टळली की माणूस निवडून आला. ग्रामीण वेल्समध्ये अशा जागा अपवाद नव्हत्या, नेहमीच्याच होत्या. तोच शेतकरी, तोच दुकानदार, तोच चॅपलमधला वडीलधारा, तीन वर्षांनी पुन्हा तोच, आणि तो थकला की त्याचा पुतण्या नाहीतर जावई.

बिनविरोध. हा शब्द मराठी वाचकाला गुलालासकट ऐकू येतो, म्हणून मुद्दाम वापरतो आहे. वेल्समध्ये गुलाल नव्हता, पण शब्दामागचं समाधान अगदी आपल्यासारखं होतं. गाव भांडलं नाही, चार पैसे वाचले, शेजारधर्म टिकला. या समाधानाची झडती घ्यावी म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या वेल्समध्ये ही न झालेली निवडणूक फुकट पडली नव्हती. तिची किंमत वसूल झाली, फक्त ज्यांनी ती मोजली त्यांना पावती कुणी दिली नाही.

आधी एक कोडं. या माणसांना चुरस नको होती असं म्हणावं तर ते खरं नाही. वेल्श माणसाइतका स्पर्धेचा भोक्ता माणूस युरोपात शोधून सापडणार नाही. त्यांचं ‘आइस्टेथवोद’, म्हणजे कविता-गाण्यांचा स्पर्धामेळा, देशपातळीवर भरतो तसा त्या काळी गावोगावच्या चॅपलमध्येही भरत असे. खाणीतला दगडफोड्या टोपणनावाने कविता पाठवी. परीक्षक भर सभेत उभा राहून त्या कवितेची चिरफाड करी. इथे मात्रा चुकली, ही प्रतिमा उसनी, तिसऱ्या कडव्यात कवी दमला. कवी त्याच सभेत, चौथ्या बाकावर, चेहरा कोरा ठेवून ऐकत बसलेला. कुणाला त्यात अपमान वाटत नसे. मग जो समाज कवितेतली चूक चारचौघांत सांगतो, तो मोरीतली चूक का सांगत नाही?

मला वाटतं, उत्तर त्या टोपणनावात आहे. कवितेवर टीका होते तेव्हा घाव टोपणनावाला बसतो. कौन्सिलच्या उमेदवारीला टोपणनाव नसतं. तुम्ही अर्ज भरलात की गावाला कळतं, तुम्हाला अमुक शेतकऱ्याचा कारभार पसंत नाही. त्याच शेतकऱ्याचा घोडा तुम्हाला बटाट्याच्या लावणीला हवा असतो, त्याच्याच गवताच्या हंगामात तुमची बायको मदतीला जाते, आणि रविवारी तुम्ही त्याच्याच मागच्या बाकावर बसून प्रार्थना म्हणता.

याला निव्वळ भित्रेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. याच लोकांच्या आजोबांनी मताची किंमत मोजली होती. १८६८च्या पार्लमेंटच्या निवडणुकीत कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमधल्या कुळांनी जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध लिबरल पक्षाला मतं दिली. तेव्हा मत तोंडी आणि उघड द्यावं लागे. निवडणुकीनंतर अनेकांना शेतं सोडायच्या नोटिसा आल्या, पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन सोडून कुटुंबं बाहेर पडली. १८७२ साली ब्रिटनमध्ये गुप्त मतदान आलं त्यामागे या नोटिसांचाही हात होता. चॅपलच्या व्यासपीठावरून ही कहाणी पुढच्या पिढ्यांनी अभिमानाने सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मोठ्या इस्टेटी विकल्या गेल्या, कुळं मालक झाली, जमीनदार गेला. आणि मग ज्या हातांनी जमीनदाराविरुद्ध मत दिलं होतं त्यांच्या नातवांनी कौन्सिलची खुर्ची पकडली. त्यांच्याविरुद्ध मत द्यायची वेळ कुणावर येऊ नये अशी व्यवस्थाही झाली. जुलूम करणारा बाहेरचा असतो तेव्हा लढायला गाणी असतात. तो आपल्याच चॅपलमधला, आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्या बापाच्या मयतीला खांदा दिलेला माणूस निघतो तेव्हा कुठलं गाणं म्हणायचं?

व्यवस्था म्हटलं ती कुणी कट करून केलेली नव्हती. ती घड्याळातच होती. गार्डियनांची सभा बाजाराच्या दिवशी, दिवसाढवळ्या, बहुधा वर्कहाउसच्या सभागृहात भरे. ती संपली की बरीचशी तीच माणसं त्याच टेबलाशी बसून राहत आणि आता ती ग्रामीण जिल्हा कौन्सिल होत. शेतकऱ्याला बाजाराला यायचंच असे, त्याचं काम परस्पर होऊन जाई. पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या कामगाराचं काय? सभेला जायचं तर दिवसाचा रोज बुडवायचा. बुडालेल्या मजुरीची भरपाई सभासदाला देण्याची तरतूद कायद्यात आली ती १९४८ साली. तोपर्यंत लोकशाहीचा दरवाजा सताड उघडा होता, फक्त तो मजुरीच्या वेळात उघडा असे.

बरं, मतदार तरी कोण? १९१८च्या कायद्याने पार्लमेंटचं मत एकवीस वर्षांवरच्या जवळजवळ सगळ्या पुरुषांना आणि तीस वर्षांवरच्या बहुतेक स्त्रियांना मिळालं. १९२८ साली स्त्री-पुरुषांची अट सारखी झाली. पण स्थानिक मत घराला किंवा जागेला जोडलेलंच राहिलं. जागा ज्याच्या ताब्यात त्याला मत, आणि त्याच्या बायकोला. आईबापांच्या घरी राहणारा पंचवीस वर्षांचा मुलगा पंतप्रधान कोण व्हावा हे ठरवू शकत होता, गावच्या विहिरीबद्दल मात्र त्याला मत नव्हतं.

आणि शेतावरचा सालदार गडी? अँगलसी बेटावर आणि शेजारच्या श्लीन द्वीपकल्पात अविवाहित गडी तबेल्याच्या माळ्यावर झोपत. खाली घोडे, वर फळ्यांची जमीन, चढायला शिडी. प्रत्येकाची एक लाकडी पेटी, तिच्यात त्याचा सगळा संसार. खाली गवत-पेंढा, त्यामुळे माळ्यावर आगटी पेटवायची सोय नाही. ऊब यायची ती घोड्यांच्या अंगाची. दिवसभर पावसात भिजलेले कपडे वाळवायचे कुठे? बरेचदा ते पहाटे तसेच ओले अंगावर चढत. या माळ्यावरच्या गाण्यांचं आणि थट्टामस्करीचं वेल्श लोक आजही प्रेमाने कौतुक करतात, आणि ते खोटं नाही. तरुण पोरं कुठेही गातात. पण हिशेबाची गोष्ट अशी, की माळा हे कायद्याच्या नजरेत घर नव्हतं आणि गडी त्याचा ताबेदार नव्हता. त्यामुळे गावात सगळ्यात वाईट जागी झोपणारा माणूस घरांची तपासणी करणाऱ्या कौन्सिलच्या मतदारयादीतच नव्हता. अशा यादीवर झालेल्या बिनविरोध निवडीला एकमत म्हणायचं असेल तर म्हणा.

आता पैशाकडे वळू, कारण सगळी शालीनता शेवटी तिथेच येऊन थांबते. कौन्सिलचं उत्पन्न म्हणजे पट्टी. चांगला सभासद कोण, याचं गावातलं उत्तर एकच होतं, ज्याने पट्टी वाढू दिली नाही तो. घरं बांधायला लंडनचं सरकार पैसे देत नव्हतं असंही नाही. १९२४ साली जॉन व्हीटली या मजूर पक्षाच्या मंत्र्याने जो कायदा आणला त्यात शहरातल्या घराला वर्षाला नऊ पौंड अनुदान होतं आणि शेतीप्रधान पॅरिशमधल्या घराला साडेबारा पौंड, तेही चाळीस वर्षं. खेड्याला मुद्दाम जास्त. कौन्सिलने त्यात पट्टीतून साडेचार पौंडांची भर घालायची. त्या साडेचार पौंडांवर किती कौन्सिलांच्या गाड्या अडल्या! सबब अगदीच पोकळ नव्हती हेही सांगायला हवं. गरीब डोंगराळ पॅरिशमध्ये पौंडामागे एक पेनी पट्टी वाढवली तरी हाती लागणारी रक्कम हास्यास्पद असे. आणि नवं घर बांधलं तरी आठवड्याला तीस शिलिंगांच्या आसपास मिळवणाऱ्या शेतमजुराला त्याचं भाडं परवडेलच असं नव्हतं.

पण या गाऱ्हाण्याला दुसरी बाजू होती. शेतजमिनीवरची पट्टी १८९६ साली निम्म्यावर आली, १९२३ साली पाव झाली आणि १९२९च्या कायद्याने पूर्ण माफ झाली. उरली ती फक्त शेतकऱ्याच्या राहत्या घरावरची. म्हणजे पट्टीच्या नावाने सगळ्यात मोठा आवाज ज्यांचा, त्यांच्या जमिनीवर पट्टीच नव्हती. हे टेबलावर हात आपटून कुणी विचारायला हवं होतं. विचारणारा उमेदवार अर्ज भरून निवडून यायला हवा होता. तो आला नाही, कारण अर्ज भरणं हे शेजारधर्माला धरून नव्हतं.

वेल्श भाषेत क्षयरोगाला जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ झिजत झिजत संपणं. आपल्या ‘क्षय’चा अर्थ हुबेहूब तोच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच रोगाकडे इतक्या सारख्या नजरेने पाहिलं, याचं मला नवल वाटतं. कोळशाच्या खाणींनी धुरकटलेल्या दक्षिणेत हा रोग जास्त असेल, अशी कुणाचीही समजूत व्हावी. पण आकडे बोट दाखवत होते स्वच्छ हवेच्या, हिरव्या, देवभीरू वायव्येकडे. कायर्नार्वनशायर, मेरिओनेथ, अँगलसी. इंग्लंड-वेल्समध्ये क्षयाच्या मृत्यूंच्या प्रमाणात यादीच्या डोक्यावर वेल्सच्याच काउंट्या होत्या. अखेर सरकारने चौकशी समिती नेमली. मॉन्टगोमेरीशायरचे खासदार क्लेमेंट डेव्हिस तिचे अध्यक्ष. तिचा अहवाल मार्च १९३९ मध्ये बाहेर पडला.

तो अहवाल एका रोगावरचा होता, पण प्रत्यक्षात स्थानिक कारभाराची उत्तरतपासणी ठरला. गळकी छपरं, ओलीने काळवंडलेल्या भिंती, न उघडणाऱ्या इवल्या खिडक्या, एका खोलीत आजारी आणि निरोगी एकत्र झोपलेले. शाळांतही तीच ओल, तोच अंधार. आणि या सगळ्यावर इलाज करायचे अधिकार कौन्सिलांकडे कित्येक वर्षं होतेच, वापरले गेले नव्हते, असं समितीने स्पष्ट म्हटलं. राहण्यालायक नसलेलं घर बंद करायचा अधिकार कागदावर होता. पण ग्रामीण कौन्सिलचा आरोग्य अधिकारी बरेचदा गावातलाच डॉक्टर, हे काम तो जोडधंद्यासारखं करणार. घरमालक त्याचा रुग्ण, कधी कधी तोच सभासद. त्या डॉक्टरने कुणाच्या छपराकडे बोट दाखवावं?

पाटीच्या खाणींच्या मुलुखात तर याहून वाईट नाटक चाललं होतं. दगडाची धूळ छातीत जाऊन माणसं मरत होती आणि खाणमालकांच्या पदरचे डॉक्टर सांगत होते, दोष धुळीचा नाही, चहाचा आहे. कामगार दिवसभर उकळून कडू केलेला चहा पितात म्हणून त्यांची प्रकृती ढासळते! चहावर जगणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना हसू येईल. पण या धुळीच्या रोगाची भरपाई पाटीच्या खाणकामगारांना कायद्याने मिळाली ती १९७९ साली, हे कळल्यावर हसू उरत नाही. छातीच्या या रोगांमागच्या ओल, धूळ आणि उपासमार या तिघांतलं एक कारण कौन्सिलच्या थेट हातातलं होतं, ओल. तिच्याबद्दल कुणी निवडणूक लढवली असती तर चहाची गोष्ट इतकी वर्षं टिकली नसती, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, निवडणुका लढल्या म्हणजे सगळं सुरळीत होतं का? दक्षिण वेल्समध्ये बघा. आक्षेप रास्त आहे. कोळशाच्या पट्ट्यात काही ‘ग्रामीण’ जिल्हे फक्त नावाला ग्रामीण होते. हद्दीत खाणी, पत्र्याचे कारखाने, कामगारांच्या चाळी. तिथे आणि शेजारच्या शहरी कौन्सिलांत १९१९ नंतर मजूर पक्ष जोमाने उतरला. ट्रेडीगरच्या कौन्सिलवर १९२२ साली अनायरिन बेवन नावाचा एक तरुण खाणकामगार निवडून आला. पुढे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली ती यानेच. तिथे सभा तापत, उमेदवार पडत, खुर्च्या बदलत. वशिल्याने नेमणुका झाल्याच्या तक्रारीही तिथे भरपूर होत्या आणि सगळ्या खोट्या नव्हत्या. ज्याला निवडणुकीने माणसं देवदूत होतात असं वाटतं त्याने तिथली वर्तमानपत्रं वाचावीत. पण तक्रार झाली, हेच तर! जिथे दोन अर्ज असतात तिथे एकाची भानगड बाहेर काढायला दुसरा जागा असतो.

याच दक्षिणेत निवडणुकीची ताकद आणि तिची हद्द दोन्ही एकदम दिसली. १९२६ साली खाणमालकांनी टाळेबंदी केली आणि ती महिनोन्‌महिने चालली. १९००च्या एका न्यायालयीन निकालामुळे संपातल्या धडधाकट माणसाला गार्डियन मदत देऊ शकत नव्हते, त्याच्या बायकामुलांना देऊ शकत होते. आरोग्यखात्याने परिपत्रक काढून कमाल आकडा सुचवला: बायकोला आठवड्याला बारा शिलिंग, मुलामागे चार. बेडवेल्टीच्या गार्डियन मंडळाने हात सैल सोडला, कर्ज काढलं. मंत्री होते नेव्हिल चेंबरलेन. त्यांनी त्याच साली असा कायदा करून घेतला होता की मंडळ ‘चुकलं’ तर सरकारने ते बाजूला सारावं. फेब्रुवारी १९२७ मध्ये बेडवेल्टीचे निवडून आलेले गार्डियन घरी गेले आणि नेमलेले आयुक्त आले. मदत झपाट्याने कापली गेली. उत्तरेत शेजारधर्माने निवडणूक होऊ दिली नाही, दक्षिणेत लंडनने झालेली निवडणूक रद्दबातल केली. उपाशी राहणाऱ्याला दोन्हींतला फरक कितपत कळला असेल?

आणि बायका कुठे होत्या? हा प्रश्न मी शेवटी आणतो आहे. त्या काळच्या सभांतही तो शेवटीच येई, आलाच तर. १८९४च्या कायद्याने विवाहित स्त्रीलासुद्धा ग्रामीण जिल्हा कौन्सिलवर उभं राहायचा हक्क दिला होता. पार्लमेंटचं मत तिला मिळायच्या चोवीस वर्षं आधी! अँगलसीतल्या श्लानवाय्रपुश्ल गावात १९१५ साली ब्रिटनमधली पहिली ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ निघाली, म्हणजे संघटना बांधायचं त्यांना कळत नव्हतं असंही नाही. मजूर पक्षाच्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी १९१९ साली लंडनमध्ये कोळसा उद्योगाची चौकशी करणाऱ्या सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या बायकांची व्यथा मांडली. नवऱ्याच्या आंघोळीसाठी उकळत्या पाण्याची जड भांडी उचलून उचलून बायका आजारी पडतात, खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरं बांधा, अशी त्यांची मागणी होती. पाणी कुठून येतं आणि किती जड असतं हे जिला खांद्यापर्यंत ठाऊक, ती पाणीपुरवठ्याच्या कौन्सिलवर क्वचितच दिसे. ग्लॅमॉर्गन काउंटी कौन्सिलवर पहिली स्त्री, रोझ डेव्हिस, पोहोचली ती १९२५ साली. ग्रामीण भागात बिनविरोध निवडीचं एकमत झालं की ते पुरुषांचंच झालेलं असे. दोघांत एक ठरवताना तिसरी नको, हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहायची गरज नव्हती.

क्लेमेंट डेव्हिस यांचा अहवाल निघाला त्याला सहा महिने झाले नाहीत तोच दुसरं महायुद्ध सुरू झालं. घरबांधणी थांबली. पार्लमेंटने कायदा करून स्थानिक निवडणुकाही पुढे ढकलल्या. जे सभासद खुर्चीत होते ते तसेच राहिले आणि कुणाची जागा रिकामी झाली तर उरलेल्यांनी आपल्यातच विचार करून नवा माणूस घ्यायचा, असं ठरलं. ग्रामीण वेल्सला ही पद्धत शिकवावी लागली नाही. ज्या कारभारावर अहवालाने बोट ठेवलं होतं तोच कारभार आणखी सात वर्षं, आता कायद्याच्या आशीर्वादाने, बिनविरोध चालला. दरम्यान १९४५ साली मतदारयादीचा कायदा बदलला. पार्लमेंटचा मतदार तोच स्थानिक मतदार झाला, जागा ताब्यात असण्याची अट राहिली नाही. १९४६च्या वसंतात जिल्हा कौन्सिलांच्या निवडणुका पुन्हा लागल्या तेव्हा तबेल्याच्या माळ्यावर झोपणाऱ्या गड्याचं नाव पहिल्यांदाच यादीत होतं.